दादरचे राजगृह आणि बडोद्यातील एक सायंकाळ



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यान देण्याचा योग माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो. त्याबद्दल मी संचालक मंडळाचा ऋणी आहे. मराठीचा अध्यापक म्हणून मी एखाद्या ग्रंथावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी ग्रंथांसाठी बांधलेल्या एका घराविषयी बोलणार आहे. ते घर मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत आहे. त्याचे नाव ‘राजगृह’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते १९३१ ते १९३३ या काळात बांधून घेतले. त्या घराच्या इतिहासाचे एक टोक आपल्या बडोद्यात आहे, म्हणूनच हा विषय मी या व्यासपीठासाठी निवडला.

गेल्या हिवाळ्यात मी राजगृह पाहावयास गेलो. मुंबईला अनेकदा जाणेयेणे असूनही मी तेथे कधी गेलो नव्हतो, ही कबुली आधीच दिलेली बरी. डिसेंबरच्या ६ तारखेला चैत्यभूमीवर येणारे लक्षावधी लोक राजगृहालाही जातात, हे मी वाचून होतो. मी गेलो तो दिवस साधा होता, आणि गर्दी नव्हती. इमारत तीन मजली आहे. तळमजल्यावर स्मारक-संग्रहालय आहे. भिंतींवर छायाचित्रे, बाबासाहेबांचा पलंग, हातातल्या काठ्या, टेबल, स्वयंपाकघरातील भांडी, आणि त्यांचा अस्थिकलश. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आपला लक्ष्मीविलास राजवाडा किंवा सयाजीबागेतील संग्रहालय उभे राहते. त्या मानाने येथील दालने लहान आहेत आणि वस्तूही थोड्या आहेत. परंतु माझ्या आधी आलेले एक खेडेगावचे कुटुंब त्या भांड्यांपुढे ज्या रीतीने उभे होते, तसे मी कोणत्याही राजवाड्यातील सोन्याचांदीपुढे कोणाला उभे राहिलेले पाहिले नाही. त्यांतील वृद्ध बाईंनी काचेला हात न लावता नुसता नमस्कार केला आणि बरोबरच्या मुलाला खालच्या आवाजात सांगितले, ‘‘हे त्यांचं घर.’’

त्या बाई ‘घर’ म्हणाल्या, ‘स्मारक’ म्हणाल्या नाहीत. त्या एका शब्दाचा अर्थ नीट लागावा म्हणून आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे, लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर पुढे मुंबईस आले, तेव्हा कुटुंबाचा निवास परळच्या डबक चाळीत एका खोलीत होता. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच निजणे आणि तेथेच मुलाचा अभ्यास. मध्यरात्र उलटल्यावर, सर्वत्र निजानीज झाली की वडील मुलाला अभ्यासासाठी उठवीत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. पुढे हे कुटुंब परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहावयास गेले. १८९६ च्या प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला होता, आणि कामगारांसाठी त्याने एकेका खोलीची बिऱ्हाडे बांधली होती. पहिल्या क्रमांकाच्या चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्या आंबेडकरांकडे होत्या. एकीत संसार, दुसरीत अभ्यास. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथून परत आलेला हा विद्वान १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे त्या चाळीचाच रहिवासी होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेला नेता याच खोल्यांतून बाहेर पडला होता, आणि १९३० मध्ये गोलमेज परिषदेला गेलेला प्रतिनिधीही.

आता बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराजांचे या चरित्रातील स्थान आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि आपल्या शहराला त्याचा अभिमान आहे. तो रास्तही आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीवरून महाराजांनी या विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी तिची अट होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेली भागात १८९३ मध्ये आरंभून १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू करणारा हा राजा होता. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास आणवून त्याने या राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. गावोगाव पुस्तके पोहोचविणारे संस्थान म्हणून बडोद्याचे नाव देशभर झाले होते.

अशा या बडोद्यात १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात भीमराव आंबेडकर कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यासाठी आले. पुढे काय घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाचे त्यांचे लहानसे आत्मकथनात्मक टिपण १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. शहरात उतरावयाचे कोठे, हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. हिंदू खानावळीत जात विचारली जाणार, आणि ती लपविली तर उघडकीस येणार, हे त्यांना माहीत होते. म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात गेले. तेथे फक्त पारशांना प्रवेश होता. व्यवस्थापकाने, दुसरे कोणी उतरू नसल्यामुळे, पारशी नाव नोंदवहीत लिहावयाच्या बोलीवर त्यांना वरच्या मजल्यावरील एक लहानशी खोली दिली. शेजारच्या मोठ्या दालनात मोडके सामान आणि अडगळ पडलेली. विजेचा दिवा नाही, एक कंदील. कचेरीतून परतल्यावर त्या अंधारात ते एकटेच पुस्तक वाचीत बसत. निवासासाठी सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी मंत्र्यांकडे अर्जही केला होता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असता हातांत काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून वर आले. पथिकाश्रम बाटविल्याबद्दल जाब विचारून त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावले. भीमरावांनी आठवड्याची मुदत मागितली. ती मिळाली नाही. दिवसभर जागेचा शोध झाला. दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक भारतीय ख्रिस्ती. पहिला म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते, आणि पत्नीची मते जुनी होती. उत्तर समजण्यासारखे होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास भीमराव कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. त्या स्थळाला आज संकल्पभूमी म्हणतात आणि तेथेही लोक मोठ्या श्रद्धेने जातात.

हा प्रसंग आपल्या शहरात अनेकदा सांगितला जातो, तेव्हा त्यातील ते काठ्या घेतलेले पारशी अगदी ठसठशीत दिसतात. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. पारशांच्या त्या जमावाचे वर्तन समर्थनीय नव्हतेच. परंतु इतिहासाचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारील. महाराष्ट्रातून आलेला, मराठी बोलणारा, संस्थानच्याच पैशाने शिकलेला हा तरुण पारशी पथिकाश्रमाच्या दारात मुळात गेलाच का? या शहरात तेव्हा मराठी घरे थोडी नव्हती. रावपुरा, दांडियाबाजार या भागांत आपले वाडे होते. संस्थानच्या कचेऱ्यांत कारकुनांपासून अधिकाऱ्यांपर्यंत मराठी माणसे होती. गणेशोत्सव होते, कीर्तने होती, व्याख्याने होती आणि पुस्तकांची कपाटेही होती. काठ्या घेऊन जिना चढणारे लोक दिसले, म्हणून त्यांचे नाव झाले. आपण कोणी काठी घेतली नाही. आपल्याला ती घ्यावीच लागली नाही, कारण आपल्या दारापर्यंत येऊन विचारण्यातही अर्थ नाही हे त्या माणसाला गाडीतून उतरण्यापूर्वीच ठाऊक होते.

महाराजांची दृष्टी कितीही पुढे गेलेली असो, ती गल्लीतल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली नव्हती. पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षपद सयाजीरावांनी भूषविले. राजाचा हुकूम शाळा उघडू शकतो, शिष्यवृत्ती देऊ शकतो. भाड्याची खोली मात्र घरमालक देतो. लोकशाहीत हे अंतर कमी होईल, असे आपण शाळेत शिकलो. ते किती कमी झाले हे ज्याने त्याने आपल्या सोसायटीच्या नोंदवहीत पाहावे.

आता पुन्हा राजगृहाकडे जाऊ. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात महात्मा गांधी आणि डॉ. आंबेडकर यांची भेट झाली. मला मायभूमी नाही, या अर्थाचे उद्गार आंबेडकरांनी त्या भेटीत काढले, आणि ते पुढे फार गाजले. त्याच सुमारास दादरला त्यांच्या घराचे काम होत होते. जमीन दादर-माटुंगा योजनेतील, म्हणजे चाळ बांधणाऱ्या त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या वसाहतीतील. परिसर पांढरपेशा वस्तीचा. पैसा उसनवारीचा. दोन इमारती उभ्या राहिल्या. एकीचे नाव ‘चारमिनार’, दुसरीचे ‘राजगृह’. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर भिक्खूंची पहिली संगीती तेथेच भरली, अशी बौद्ध परंपरा आहे. नागपूरची धर्मदीक्षा १९५६ ची. घराला हे नाव मिळाले ते त्याआधी वीसपेक्षा अधिक वर्षे. बुद्धचरित्राचे पहिले पुस्तक केळुसकरांनी या विद्यार्थ्याच्या हाती १९०७ मध्ये, मॅट्रिक झाल्याबद्दलच्या सत्कारप्रसंगी दिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे नावाचा उगम फार दूर शोधावा लागत नाही.

घराची आखणीच पुस्तकांसाठी होती. कुटुंब खाली राहावयाचे आणि वरचा मजला ग्रंथालय व अभ्यासिकेचा. चाळीतल्या दोन समोरासमोरच्या खोल्यांची मांडणीच येथे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, असे मला ती इमारत पाहताना वाटले. या घरातील संग्रह पन्नास हजारांहून अधिक ग्रंथांचा झाला, असे सांगितले जाते. १९४१ मध्ये चारमिनार विकली गेली, ती देणी फेडण्यासाठी आणि ग्रंथखरेदीसाठी. घर विकून पुस्तके घेणारा माणूस आपल्या पाहण्यात किती आहेत?

या घराला दुःख लवकर भेटले. रमाबाई चाळीत फार कष्टांत राहिल्या होत्या. पाच अपत्यांपैकी यशवंत एवढेच जगले. नव्या घरात त्यांना फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. पुढच्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रण दिले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळ कचरले आणि परिषदच बारगळली. तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ते हेच. पहिल्या आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. न झालेल्या व्याख्यानाची ती पुस्तिका शंभरहून थोड्याच कमी वर्षांनंतरही वाचली जाते. दरवर्षी व्याख्यान करून त्याची पुस्तिका काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि आता मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’वर तारीख नाही. परंतु बडोद्याचा प्रसंग सांगताना बाबासाहेब लिहितात की, आज अठरा वर्षे उलटल्यावरही तो आठवला की डोळ्यांत पाणी उभे राहते. १९१७ मध्ये अठरा मिळवा. १९३५ येते. म्हणजे हे टिपण त्यांनी लिहिले तेव्हा ते राजगृहाचे मालक होते. भोवती हजारो पुस्तके होती, देशात आणि परदेशांत नाव झाले होते. स्वतःच्या छपराखाली बसलेला हा माणूस त्या सायंकाळी छप्पर नसलेल्या स्वतःला आठवत होता. बडोद्याच्या अनुभवामुळे त्यांनी राजगृह बांधले असे त्यांनी कोठे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचा अधिकार मात्र अभ्यासकाला असतो. एका बाजूला मोडक्या सामानाच्या अडगळीशेजारी कंदिलाच्या उजेडात वाचणारा तरुण. दुसऱ्या बाजूला पुस्तकांसाठीच बांधलेला मजला, ज्यावरून कोणीही त्याला सायंकाळपर्यंत निघून जा असे सांगू शकणार नव्हते.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीस गेले. त्यानंतरचा बराच काळ दिल्लीत गेला, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीच्या अलीपूर रस्त्यावरील निवासस्थानी त्यांचे देहावसान झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणून ७ तारखेच्या पहाटे राजगृहात ठेवण्यात आले. तेथून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीला गेली. अलीपूर रस्त्यावर २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. ज्याला एका शहरात एक खोली मिळाली नाही, त्याची घरे आज तीन शहरांत लोक पाहावयास जातात.

राजगृहात मी पुस्तके शोधीत होतो. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाची ती खोडच असते. तेथील एका गृहस्थांना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘ती मुलांकडे गेली.’’ त्यांचे म्हणणे मला क्षणभराने उमगले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग त्या ग्रंथालयाकडे गेला. ज्या पुस्तकांसाठी घर बांधले, ती पुस्तके त्यांनी घराबाहेर जाऊ दिली. बहुतेक संग्रहालये थोरांच्या वस्तू जपतात, आणि ते आवश्यकच असते. राजगृहातील सर्वांत मौल्यवान वस्तू तेथे नाही, आणि ती नसणे हाच त्या घराचा मोठेपणा आहे.

अशा घरालाही आपला काळ सुखाने राहू देत नाही. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्यांची आणि काचांची मोडतोड करण्यात आली. महाराष्ट्रभर संताप उसळला. संग्रहालय झाले म्हणजे प्रश्न इतिहासजमा झाला, असे मानणाऱ्यांना ते उत्तर होते.

शेवटी, मी राजगृहाला का गेलो ते सांगतो. आमचा रावपुऱ्यातील दुचौकी वाडा काही वर्षांपूर्वी पाडण्यात आला, तेव्हा माळ्यावरची कागदपत्रे माझ्याकडे आली. त्यांत माझ्या आजोबांची भाडेवही होती. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचे वाचन दांडगे होते, आणि महाराजांच्या सुधारणांविषयी ते भक्तिभावाने बोलत, असे वडील सांगत. शके १८३९ च्या, म्हणजे इसवी सन १९१७-१८ च्या, पानावर मागील चौकातील दोन खोल्यांपुढे त्यांच्या मोडी अक्षरात ‘खाली’ असा शेरा आहे. रिकाम्या जागेला खाली म्हणण्याची आपल्या बडोदेकर मराठीची रीत आपण जाणताच. श्रावणापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक महिन्यापुढे तोच शेरा आहे: खाली, खाली, खाली. कामाठीबाग त्या वाड्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे.

आजोबांना त्या तरुणाचे नावही ठाऊक नसेल. तो दारात आला असता तर त्यांनी काय केले असते, हे मला सांगता येत नाही. खरे सांगावयाचे तर सांगता येते, म्हणूनच ते पान मी बरेच दिवस कोणाला दाखविले नाही. घरातील एका वडीलधाऱ्यांनी, असली कागदपत्रे जपून काय मिळणार, असे विचारलेही. राजगृहातून बाहेर पडताना मला त्याचे उत्तर मिळाले. त्या वृद्ध बाईंनी नातवाला दाखविण्यासारखे एक घर बाबासाहेबांनी बांधून ठेवले. आपण आपल्या नातवंडांना काय दाखविणार? वाडे तर गेले. ती वही शिल्लक आहे.

मुख्याध्यापकांच्या संमतीने ती भाडेवही मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. त्या पानाचे देवनागरी लिप्यंतर मी करून जोडले आहे. इयत्ता नववी-दहावीच्या मुलांना बडोद्याच्या इतिहासात सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीचा धडा शिकविताना शिक्षकांनी ती वहीही उघडून दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे. माझ्या घराण्याचे नाव झाकण्याची आवश्यकता नाही.